अल्फियाचा वर्ग शोधताना

इंग्लंडला निघालेली माणसं आधी मुंबईला जातात. आम्ही मायलेकी आधी जतला गेलो, मग साताऱ्याला, मग पाचगणीला, आणि परत कुपवाडला आलो. तीन दिवस, दोन जिल्हे, एसटी आणि वडाप. याला प्रवास म्हणतात का, असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारणारच. विचारू देत. मी शाळेत मराठी शिकवते आणि निबंधासाठी लांबच जायला पाहिजे असं मी मुलांना कधी सांगितलेलं नाही.

माझं नाव शाहीन मुल्ला. "मुल्ला बाई मराठी शिकवतात?" हे मी बारा वर्षं ऐकतेय. आधी राग यायचा, आता मी "हो, आणि शुद्धलेखनाचे मार्कही कापतात" असं म्हणून पुढं जाते. माझे मिस्टर जावेद कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांना इंग्लंडमधल्या एका लहान शहरात, दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या मशिनी दुरुस्त करायचं काम मिळालं. जाताना त्यांनी मला विचारलं, "मागनं तुम्ही सगळी येणार ना?" मी म्हटलं, "चालेल." तेव्हापासून राजीनाम्याचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. लिहून, सही करून, घडी घालून. हेडमास्तर विचारतात, मी म्हणते, सुट्टीनंतर देते.

धाकटा रेहान पाच वर्षांचा आहे, तो नानीकडं राहिला. त्याला चंद्रावर नेऊन ठेवलं तरी तो तिथं गोट्या खेळेल. काळजी होती ती अल्फियाची. बारा वर्षांची, अभ्यासू, शांत. जावेदनी तिथल्या शाळाप्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर पाठवला होता. त्यात पसंतीच्या क्रमानं तीन शाळा लिहायच्या आणि तो सोमवारपर्यंत पाठवायचा. पहिली शाळा फक्त मुस्लिम मुलींची, घरापासून दोन बस बदलून जायची. दुसरी चर्चची, गल्लीच्या टोकाला. तिसरी मोठी सरकारी, मुलं-मुली एकत्र.

जावेदचं मत ठरलेलं होतं. मुलींची शाळा. खायची काळजी नाही, डोक्यावरच्या रुमालाची काळजी नाही, शुक्रवारची काळजी नाही. माझं मतही ठरलेलं होतं. आपल्यातल्याच चार भिंतींत पोरीला ठेवायचं होतं तर सातासमुद्रापलीकडं कशाला न्यायची? मी स्वतः मराठी शाळेत शिकले, सगळ्या जातींच्या पोरींबरोबर फुगड्या घातल्या, म्हणून आज उभी आहे. उरलेल्या दोन शाळा जावेदना नको होत्या. चर्चच्या शाळेतल्या प्रार्थनेची त्यांना धास्ती आणि मोठ्या शाळेतल्या गर्दीची. फोनवर रोज तेच. शेवटी मी चौथीच वाट काढली. अल्फियाला न्यायचंच नाही. पाचगणीच्या एखाद्या निवासी शाळेत दहावीपर्यंत ठेवायचं. ओळखीचा देश, ओळखीची हवा, सुट्टीत नानीकडं. जावेद म्हणाले, "पोरीला सोडून यायचं?" मी म्हटलं, "लोक ठेवतातच की."

खरं सांगायचं तर त्यात थोडा हट्ट होता. त्यांचं चालू द्यायचं नव्हतं मला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

जत

अल्फियाच्या पहिल्या शाळेचा दाखला हवा होता, म्हणून आधी जत तालुका. माझी पहिली नेमणूक तिकडं झाली होती, अगदी कर्नाटकाच्या हद्दीजवळ, आणि अल्फिया पहिलीला आम्ही राहायचो त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. मी जीपनं पलीकडच्या गावच्या शाळेत शिकवायला जायचे. दिवाळीच्या सुट्टीतला दिवस होता. मिरज स्टँडवर मी केळी घ्यायला म्हणून वळले आणि जतची एसटी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. अल्फिया एसटीच्या दारापाशीच उभी होती. "मग चढून कंडक्टरला थांबवायचं नाहीस होय गं?" मी ओरडले. ती म्हणाली, "तू इथंच थांब म्हणालीस की." वडापची जीप धरली. सात जणांच्या जागी बारा जण आणि टपावर दोन पोती.

मिरज सोडल्यावर ऊस हळूहळू मागं पडत जातो. कवठेमहांकाळच्या पुढं तर रान नुसतं मोकळं होतं. दगड, बोरी-बाभळी, नुकताच पेरलेला शाळू, आणि एवढं मोठं आभाळ की सांगलीच्या माणसाला डोक्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. एका वळणावर मेंढरं आडवी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून बघितला, मग इंजिन बंद करून विडी पेटवली. शे-दीडशे मेंढरं सावकाश पलीकडं गेली. मागून घोडं, घोड्याच्या पाठीवर बांधलेलं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडावर दोन कोकरं.

माझ्या शेजारी एक धनगराची म्हातारी बसली होती. मांडीवर घोंगडं, तोंडात तंबाखू. तिनं माझी सगळी चौकशी केली आणि शेवटी म्हणाली, "लेकीला हास्टेलात ठिवणार व्हय? ठेव की. आमचा नातू हाय न्हवं हास्टेलात. आमी मेंढरं घिऊन आठ-आठ महिनं फिरनार, त्यानं शिकायचं कुठं? तितं दोन येळला खातंय, लाईटीखाली बसतंय."

"आठवण काढत नाही का तो?"

"काढतोय की. पर रडत न्हाई. लय शाना हाय."

मी अल्फियाकडं बघितलं. ती खिडकीतून मेंढरं बघत होती. मला आपलं बरं वाटलं. माझ्या बाजूचं एक मत पडलं.

गावात शाळा होती तशीच होती. एकाच आवारात दोन शाळा, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, मध्ये एक कडुनिंब आणि दोघींत मिळून एक लांब व्हरांडा. हद्दीवरच्या गावांतून हे असंच असतं. बाजारात माणूस एका भाषेत भाव सांगतो आणि दुसऱ्या भाषेत शिवी देतो. सुट्टी असूनही बिराजदार गुरुजी आमच्यासाठी शाळा उघडून बसले होते. तेव्हा ते कन्नड शाळेत शिकवायचे, आता दोन्ही शाळांचा कारभार बघतात. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, नाव काढलं. मातृभाषेच्या रकान्यात 'उर्दू' लिहिलेलं होतं.

"बगा बाई," गुरुजी हसले. "रजिस्टरात उर्दू, तोंडात मराठी, आन् आमी शिकवलं कन्नड."

मीही हसले. कारण ही आमच्या घरची आवडती गोष्ट आहे. अल्फिया पहिलीला असताना शाळेच्या गोंधळामुळं आठ दिवस चुकून कन्नड वर्गात बसली आणि कन्नड शिकून आली. प्रत्येक लग्नात मी ती सांगते. आमची पोरगी कशी कुठंही जमवून घेते, हे त्यातनं कळतं.

दाखला घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजींच्या बायकोनं बाजरीची भाकरी, उसळ आणि लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी वाढली. मी अल्फियाच्या ताटातली चटणी काढून घ्यायला हात पुढं केला, कारण तिला लसूण चालत नाही. तीन वर्षं मी तिच्या डब्याला बिनलसणाची चटणी वेगळी कुटतेय. पण तिनं ताट बाजूला ओढलं आणि चटणी दोनदा मागून घेतली. मी म्हटलं, भूक लागली असेल. जेवून ती गुरुजींच्या सुनेबरोबर मागं गोठ्यात गेली.

तेव्हा गुरुजींनी ती गोष्ट सांगितली. आमच्याच घरची, पण मी कधी न ऐकलेली.

"आवं बाई, शाळंचा गोंधळ कसला? तुमीच बसवलं हुतं तिला. जीप हारन देत हुती, तुमी पळत आलासा, पयल्या दारातनं तिला आत ढकाललं आन् गेलासा. ते दार आमचं हुतं." गुरुजी हसत होते. "मी म्हटलं, मुल्ला बाईंनी कन्नडला घातलं आसंल. आपुन कशाला इचारा? पण पोरगी दुपारच्या सुट्टीत डबा घिऊन मराठीच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायाची. आत जायाची न्हाई. नुस्तं बघायाची. तिकडच्या बाईंनी इचारलं, आत ये की. तर म्हनायाची, मम्मीनं तिकडं बसवलंय. रोज ह्येच. आठ दिस."

"मग?"

"मग नवव्या दिशी माझ्या टेबलापाशी आली. हात म्होरं बांधलेलं. म्हनाली, 'गुरुजी, इदु नन्न वर्ग अल्ल.' हा माझा वर्ग न्हवं. कन्नडात, बाई! मला कळावं म्हनून तेवढं कन्नड शिकली हुती ती. लय गुणी पोरगी."

गुरुजी कौतुकानं सांगत होते, त्यांची बायको पदराला डोळे पुसत हसत होती, आणि मीही हसले. जीप मला आठवली. ड्रायव्हरचा चेहराही आठवला. दार मात्र आठवेना. परतीच्या एसटीत अल्फिया माझ्या खांद्यावर झोपली होती. तिला उठवून विचारावंसं वाटलं, पण काय विचारायचं ते समजेना.

सातारा

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जुबेदा खालांकडं. या जावेदच्या मावशी. अकरा वर्षं इंग्लंडमध्ये राहून नवरा वारल्यावर परत आलेल्या. सदर बझारात दोन खोल्या आणि वर गच्ची, गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. सांगलीकराला साताऱ्यात पहिल्यांदा मान वर करावी लागते. आमच्याकडं गणपती मंदिराचा कळस सोडला तर वर बघण्यासारखं आहे काय? नदी मात्र आमची मोठी. खालांशी यावरून दरवेळी माझं भांडण होतं. त्या म्हणतात, "पूर येतो तेवढी मोठी नको बाई."

खालांनी खिमा आणि गरम पाव दिले, वर कंदी पेढे. चहा मात्र इंग्लंडच्या सवयीनं, दूध वेगळं. आमच्या घरची बोली अर्धी मराठी, अर्धी दखनी. खालांच्या बोलण्यात त्यात इंग्रजीही येतं. मी त्यांना तिन्ही शाळांची नावं दाखवली आणि पाचगणीचंही सांगितलं. मला वाटलं, त्या अनुभवी, लगेच निकाल देतील. त्या चष्मा पुसत बसल्या.

"माझ्या इम्रानला आम्ही मोठ्या शाळेत घातलं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस तशीच. सगळ्या जातीची पोरं. मला इंग्लिश येत नव्हतं, शाळेत मी दोनदाच गेले असेन. रोज विचारायची, कैसा था बेटा? म्हणायचा, अच्छा था अम्मी. डबा रोज चाटून पुसून परत यायचा. मी खूश. मोहल्ल्यात सांगायची, माझा पोरगा डबा टाकत नाही."

"मग चांगलंच की."

"तीन वर्षं, शाहीन. तीन वर्षं तो डबा शाळेच्या मागं बदकांना घालत होता. डबा उघडला की पोरं नाक धरायची. म्हणून उघडायचाच बंद केला. मला कधी कळलं माहीत आहे? त्याच्या लग्नात. त्याचा दोस्त हसत हसत सांगत होता, आणि तोही हसत होता."

खाला उठून आत गेल्या. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता. अल्फिया गच्चीत होती, तिनं ऐकलं नसावं असं मला वाटलं.

मी बाहेरूनच विचारलं, "म्हणजे मुलींचीच शाळा बरी, असं म्हणताय का तुम्ही?"

"मी काहीच म्हणत नाही बाई. त्या शाळेत घातलं असतं तर तिथंही काहीतरी झालं असतं. रिकाम्या डब्यावर विश्वास ठेवू नको, एवढंच."

दुपारी जावेदचा फोन आला. त्यांची सकाळची पाळी होती, चहाच्या सुट्टीत बोलत होते. मी म्हटलं, उद्या पाचगणी बघून येतो. ते म्हणाले, "बघायला हरकत नाही, पण पोरगी राहील का तिथं?" मी म्हटलं, "तुम्ही तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकू नका." मागून मशिनींचा आवाज येत होता. मग म्हणाले, "अल्फियाला फोन दे." तिनं फोन घेतला, "हो पप्पा, हो पप्पा, चालेल पप्पा" म्हणाली आणि परत दिला. मला त्याच्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात सगळे 'चालेल'च म्हणतात.

पाचगणी

वाईहून पसरणीचा घाट चढताना दोघींचेही कान बंद झाले. खाली धोम धरणाचं पाणी आणि वर धुकं. जतला दगड तापून होता आणि इथं तिसऱ्याच दिवशी शाल. एकाच राज्यात, एसटीच्या दोन तिकिटांवर एवढा फरक पडतो, तर विमानाच्या तिकिटावर किती पडत असेल असं माझ्या मनात आलं.

शाळा, खरं सांगते, फार सुंदर होती. उंच सिल्व्हर ओक, लाल कौलं, फुलझाडं कातरल्यासारखी. सुट्टी असूनही काही मुली होस्टेलवरच होत्या, त्या आम्हाला बघून "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. दाखवायला आलेल्या मॅडम बोलायला मोकळ्या. जेवण सगळ्यांना एकच, शाकाहारी. प्रार्थनेत सगळ्या धर्मांची एकेक ओळ. रमजानात रोजे धरणाऱ्या मुलींना पहाटे दूध आणि फळं. वसतिगृहात लोखंडी कॉट, घडी घातलेली ब्लँकेटं, आणि खिडकीतून थेट दरी. मी अक्षरशः त्या कॉटवर बसले. मला वाटलं, मी बारा वर्षांची असते तर इथंच राहिले असते.

मॅडमनी नावनोंदणीचा फॉर्म पुढं केला. मी पर्समधून पेन काढताना राजीनाम्याची घडी बाहेर आली, ती परत आत कोंबली.

"आवडली शाळा?" मॅडमनी अल्फियाला विचारलं.

अल्फिया सरळ उभी होती. दोन्ही हात पुढं बांधलेले. "हो," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "चालेल मम्मी. राहते की मी."

ते हात बघितले आणि गुरुजींचं बोलणं आठवलं. सहा वर्षांची पोर, हातात डबा, दुसऱ्याच वर्गाच्या दारात. मम्मीनं तिकडं बसवलंय. आणि ती मम्मी कुठं होती, तर जीपमध्ये, दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवायला निघालेली.

मी पेनचं टोपण लावलं. "मॅडम, थोडा वेळ देता का?" म्हटलं आणि अल्फियाचा हात धरून बाहेर पडले. ती घाबरली. "काय झालं? मी हो म्हणाले की!"

"तेच झालं," मी म्हटलं.

टेबललँडच्या पठारावर गेलो. वारा असा की ओढणी सांभाळू की पोरगी, असं झालं. घोडेवाले मागं लागले, त्यांना वाटेला लावलं, दोन भाजलेली कणसं घेतली आणि एका दगडावर बसलो. शेवटी म्हटलं, "बिराजदार गुरुजींना नवव्या दिवशी काय म्हणाली होतीस गं?"

ती हसली. "इदु नन्न वर्ग अल्ल."

"आणि ही शाळा? खरं सांग. मी रागावणार नाही, शपथ."

ती कणसाचे दाणे एकेक करून काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "अल्ल."

मला रडू आलं. बारा वर्षांच्या पोरीपुढं, घोडेवाल्यांपुढं, पुण्याच्या सहलीवाल्यांपुढं मी तोंड झाकून रडले. ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि सारखी म्हणत होती, "अगं पण शाळा चांगली हाय. शाळेला काय बी झालं न्हाई."

डोळे पुसल्यावर मी मास्तरीण झाले. मोबाइल काढला, तिन्ही नावं तिच्यापुढं धरली. "तूच क्रम लाव. कुणाला काय वाटेल ते बघू नको." मनात मात्र माझं ठरलेलं होतं. मोठी शाळा. सगळ्यांच्यात मिसळणारी माझी लेक दुसरं काय निवडणार?

तिनं बोट ठेवलं ते मुलींच्या शाळेवर. जावेदच्या.

"पप्पांना बरं वाटावं म्हणून ना?"

"न्हाई."

"मग? अगं, तिथं सगळ्या आपल्यातल्याच मुली. त्यांना वाटेल, मुसलमान आहे आणि मराठी काय बोलते. आणि बाकीचं जग तुला कसं कळायचं?"

"बसमध्ये कळंल की. दोन बस बदलायच्या हाईत."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. "मम्मी, तुला एक सांगू? आमच्या वर्गात आपल्यातल्या दोघीच. मी आन् सना. मॅच असली की सगळी आमच्याकडं बघतात. डबा उघडला की विचारतात, यात काय हाय? मी सांगते, मटकी हाय. दुसऱ्या दिवशी परत विचारतात. ती काय वाईट न्हाईत गं. पण मी रोज सांगते. रोज." तिनं दाणे मुठीत घट्ट धरले. "आन् सम्यक्ता लसूण खात न्हाई, जैन हाय ना ती. आमी एका डब्यातनं खातो. म्हणून मी तुला बिनलसणाची चटणी मागते."

"तुला लसूण आवडत नाही म्हणून मी—"

"मला लय आवडतो, मम्मी."

तीन वर्षं. रोज सकाळी दोन खलबत्ते. आणि मी स्टाफरूममध्ये सांगत होते, आमच्या अल्फियाच्या जिभेचे चोचले फार.

"सम्यक्तासाठी मी अजून दहा वर्षं तसलीच खाईन," ती म्हणाली. "ती माझी मैत्रीण हाय. पण तिथं माझं कुणीच नसणार. सगळीकडं जमवून घेते, जमवून घेते म्हणून तू सगळ्यांना सांगतीस. कंटाळा येतो त्याचा. पहिलं वर्ष मला कुणाला काय बी न सांगता जेवू दे. मग लागली तर दुसरी शाळा बघू."

सगळ्यांत मिसळून वाढवलेली माझी पोरगी, आणि त्या मिसळण्याची किंमत ती दुपारच्या सुट्टीत एकटी भरत होती. मला हे आवडलं असं मी म्हणणार नाही. आजही मला वाटतं की मोठी शाळा बरी होती. पण डबा माझा नव्हता.

"एका अटीवर," मी म्हटलं. "ती शाळा आवडली नाही तर नवव्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगायचं. घरी येऊन, मराठीत."

"चालेल," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, सांगीन."

मॅडमना जाऊन सांगितलं. त्या समजूतदारपणे हसल्या आणि अल्फियाला शाळेच्या बागेतलं एक फूल दिलं.

परत

येताना कराडच्या स्टँडवर एसटी बराच वेळ थांबली. ऊन उतरलं होतं. अल्फियानं भेळ घेतली, मी चहा. तिथंच बाकावर बसून आम्ही फॉर्म भरला. घरच्या भाषेच्या रकान्यात जावेदनी सवयीनं 'उर्दू' लिहून ठेवलं होतं. अल्फियानं ते खोडून 'मराठी' केलं, खाली दुसऱ्या भाषा विचारल्या होत्या तिथं दखनी, हिंदी, इंग्रजी लिहिलं, आणि जरा विचार करून शेवटी 'कन्नड, थोडी'. मग तीन शाळा, तिच्या क्रमानं.

फॉर्म पाठवून झाल्यावर तिनं एकदम विचारलं, "मम्मी, पप्पांनी तुला येणार का म्हणून विचारलं, तवा तू काय म्हणालीस?"

"चालेल म्हटलं."

ती माझ्या पर्सकडं बघत राहिली. तिला त्या कागदाचं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. पोरांना सगळंच माहीत असतं.

मी जावेदना फोन लावला. आधी अल्फियाची निवड सांगितली. ते इतके खूश झाले की 'खरंच?' म्हणून दोनदा विचारलं. मग मी म्हटलं, "अजून एक. मी येतेय. पण राजीनामा देणार नाही. बिनपगारी रजा टाकणार आहे. मला तिथं करमलं नाही, शिकवायला काही मिळालं नाही, तर आपण बसून बोलायचं. मला माझी शाळा सोडायची नाही, जावेद. कधीच सोडायची नव्हती."

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता.

"मग सहा महिन्यांपूर्वीच का नाही सांगितलंस?" जावेद म्हणाले. आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. "मी विचारलं होतं ना तुला?"

अल्फियानं माझ्या हातातून फोन घेतला.

"पप्पा," ती म्हणाली, "मम्मीचा आज नववा दिवस हाय."